बांधाला पाठ लावून

वहीवाला परत येणार, ही बातमी समितीच्या चिटणिसानं सूनबाईला उतारावरच गाठून सांगितली. ती तेव्हा पहार लावून एक धोंडा उलथत होती. धोंडा उलथून झाल्यावर तिनं हात झटकले आणि विचारलं, "किती दिवस?"

"तीन. सोबत तीस जण आहेत. कुणी शाळांतले, कुणी संस्थांमधले. नऊ दिवस चालत येतायत. शेवटी आपल्या उतारावर एक बांध घालून बघणार. सर म्हणाले, दगड पुरवायला आणि वरकामाला एक माणूस द्या. मी तुमचं नाव सुचवलं."

"वरकामाला."

"म्हणजे तसं नाही हो…"

"तसंच आहे. येते म्हणावं."

चिटणीस खूश होऊन गेला. त्याला वाटलं, बाई निवळली. सहा वर्षं ज्याची वाट पाहिली तो आपल्या पायांनी, तेही नऊ दिवस चालून, दारात येतोय म्हटल्यावर कुणाचाही चेहरा जरा निवळणारच.

सूनबाई बावन्न वर्षांची होती, पण सगळा उतार तिला अजून सूनबाईच म्हणायचा. कारण तिचे सासरे तिला तसं हाक मारत, आणि त्या हाकेचा आवाज खालच्या रस्त्यापर्यंत जाई. मामंजी बांध घालणारे होते. सिमेंट नाही, चिखल नाही, दगडावर दगड आणि फटीत कपची. मुलानं दगडाला हात लावला नाही, तो पोस्टात लागला आणि सुखी झाला. मग मामंजींनी आपली विद्या सुनेला दिली. पहिलं वर्षभर तिनं नुसते दगड वाहिले. दुसऱ्या वर्षी त्यांनी तिला एक दगड ठेवू दिला आणि तोही संध्याकाळी काढून टाकला.

अकरा वर्षांपूर्वी डोंगर सुटला. शेजारचे दोन्ही उतार घरांसकट खाली गेले, हा राहिला. बांध नीट होते म्हणून राहिला, आणि बांध नीट होते कारण इथं प्रत्येक घर महिन्यातला एक दिवस दुसऱ्याच्या बांधावर राबायचं. बाळंतपण आणि ताप सोडून सबब चालायची नाही. मग बघायला माणसं येऊ लागली. बहुतेक जण मोटारीतून उतरून, मान वर करून, "वा" म्हणून जात. एक जण मात्र राहिला. त्याच्या हातात कायम वही असायची म्हणून तो वहीवाला.

आठ महिने तो त्यांच्या माडीवर राहिला. त्याची पाठ दुखायची, त्यामुळे दगड उचलणं त्याला मना होतं; जेवणाला मात्र पाठ आड येत नसे. एक खरं सांगायला हवं, विचारायचा छान. मामंजींना आयुष्यात कुणी काही विचारलं नव्हतं. म्हातारा फुलला. संध्याकाळी ओट्यावर बसून बोलायचा, वहीवाला लिहायचा आणि सूनबाई चहा करायची. "वहिनी, तुमच्या घरी विद्यापीठ आहे," असं तो म्हणायचा आणि तिला बरंही वाटायचं. पुढं तिला सर्वांत जास्त राग याचाच आला, की बरं वाटलं होतं.

सहा वर्षांपूर्वी पुस्तक निघालं. जाडजूड, गुळगुळीत कागदाचं. समाजाची लवचिकता, शाश्वत भूदृश्य आणि संथ प्रवास, हे त्यातले तीन शब्द, आणि त्या तीन शब्दांवर वहीवाल्याचं पुढं झकास चाललं. व्याख्यानं, शिबिरं, पायी सहली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. त्रेचाळिसाव्या पानावर मामंजींचा फोटो होता, धोंड्यावर हात ठेवलेला. खाली लिहिलं होतं, 'एक स्थानिक मजूर'.

मामंजींनी चष्मा मागवला. वाचलं. "हा मीच ना गं?" त्यांनी विचारलं. मग पुस्तक मिटून म्हणाले, "बरोबर आहे. मजुरीच केली जन्मभर." त्यानंतर त्यांनी दगडाला हात लावला नाही. तिसऱ्या महिन्यात गेले. डॉक्टर म्हणाले हृदय. सूनबाईचं निदान वेगळं होतं आणि ते तिनं कधी बदललं नाही.

दिवस झाल्यावर तिनं ते पुस्तक तीनदा वाचलं. कुठं दात रुतवता येतो ते शोधत वाचलं. एकसष्टाव्या पानावर तिला जागा सापडली.

बांधात लांब दगड कसा ठेवायचा याचं चित्र होतं. वहीवाल्यानं तो आडवा काढला होता, लांब बाजू बाहेर, दिसायला देखणी. मामंजी नेमकं उलटं करत. लांब दगडाचं टोक बाहेर आणि सगळी लांबी आत, डोंगराच्या पोटात, हातभर. बाहेरून बघणाऱ्याला तो बारका दगडच वाटतो. पायाचा थर आणि वरचा थर तेवढे आडवे असतात, आणि वहीवाल्यानं तेवढेच रचताना पाहिले होते. मधल्या दिवसांत तो माडीवर पाठ शेकत पडलेला असायचा. त्या चित्राप्रमाणे घातलेला बांध सुरुवातीला सुरेख दिसतो. मागची माती पाणी प्यायली की त्याला पोट सुटतं, आणि मग तो बसतो.

एक कार्ड टाकलं असतं तर भागलं असतं. घरात पोस्टातला माणूस होता, पेटीपर्यंतसुद्धा जावं लागलं नसतं. पण सूनबाईनं डूख धरला होता. ती मूग गिळून गप्प बसली. त्याला त्याच्याच चित्रावर आपटायचं, तेही माणसांसमोर, हे तिनं ठरवून टाकलं.

शिवाय सातवं प्रकरण होतंच. उतारावर कामाचा एक नियम होता. बांध झाला की मागं पाणी सोडायचं, माती पूर्ण भिजू द्यायची, आणि ज्यानं पहिला आणि शेवटचा दगड ठेवला त्यानं बांधाला पाठ लावून जेवायचं. कुणाचीही हमी नको, कागद नको. पाठ लाव आणि जेव. वहीवाल्यानं यावर अकरा पानं लिहिली होती आणि त्याला 'मातीशी विश्वासाचं नातं' असं नाव दिलं होतं.

ठरल्या दिवशी तीस माणसं धुळीनं माखून आली. वहीवाला पुढं होता, केस पांढरे झाले होते, वही तशीच होती.

"वहिनी! ओळखलंत का?"

"तुम्हाला विसरेन होय, सर?"

"बाबांचं कळलं होतं. यायचं राहूनच गेलं."

"चालायचंच. वाट लांबची," सूनबाई म्हणाली. "आणि तुम्ही सावकाश येणारे."

दोघंतिघं हसले. वहीवालाही हसला. बोलणं झोंबलं की नाही ते त्याच्या तोंडावर दिसलं नाही, त्याबाबतीत तो तयार होता.

तिनं दगड पुरवले. असेतसे नाहीत, उतारावरचे निवडक लांब दगड, मामंजी ज्यांना जपून ठेवत तसले. सरांनी पहिला दगड ठेवला, फोटोपुरता, दोन्ही बाजूंनी दोघांनी धरलेला. मग माणसं भिडली. मन लावून काम करणारी माणसं होती, हे सूनबाईला आवडलं नाही. वाईट असती तर सोपं गेलं असतं. लांब दगड एकामागून एक आडवे बसत होते, आणि ती "छान, छान" म्हणत घमेल्यानं कपच्या आणून देत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक तरुण शिक्षिका तिच्याजवळ आली. सगळ्यांत जास्त दगड तिनंच उचलले होते, बोटांना चिंध्या बांधल्या होत्या.

"मावशी, एक विचारू? हा लांब दगड असा आडवा ठेवला की मागं त्याला धरायला काहीच उरत नाही. आत घालायला नको का?"

सूनबाईनं तिच्याकडं बघितलं. मामंजींनी हा प्रश्न ऐकला असता तर पोरीला घरी जेवायला नेलं असतं. तिच्या जिभेवर उत्तर आलं होतं. समोर वहीवाला सावलीत बसून कुणाला तरी समजावत होता, हात हवेत फिरवत.

"मी काय सांगणार बाई," ती म्हणाली. "मी वरकामाला. सरांना विचारा."

शिक्षिका सरांकडं गेली. सरांनी तिला एकसष्टावं पान उघडून दाखवलं.

संध्याकाळी सरांनी शेवटचा दगड ठेवला. टाळ्या झाल्या. पंधरा फूट लांब, छातीएवढा उंच, दृष्ट लागण्यासारखा बांध. सूनबाईनं वरच्या तळ्याचा पाट वळवून पाणी बांधामागं सोडलं आणि घरी जाऊन गाढ झोपली. सहा वर्षांत एवढी शांत झोप तिला लागली नव्हती.

तिसऱ्या दिवशी जेवायच्या वेळी डबे निघाले. सूनबाईनं चुन्यानं बांधापासून दहा पावलांवर एक रेघ ओढली. "सगळ्यांनी रेघेच्या अलीकडं बसा. पहिला आणि शेवटचा दगड ठेवणाऱ्यानं पलीकडं. सरांच्या सातव्या प्रकरणात आहे, मी नवीन काही सांगत नाही."

"सर! सर!" सगळ्यांनी एकच गलका केला. फोन बाहेर निघाले.

वहीवाला जरा घुटमळला. "त्याचा अर्थ प्रतीकात्मक घ्यायचा असतो…"

"मामंजी तर खरंच बसायचे," सूनबाई म्हणाली. "तुम्ही फोटो काढलाय की. पान एकशे दोन."

तो बसला. दुसरं करणार काय? डबा मांडीवर घेऊन त्यानं पाठ टेकली. सूनबाई रेघेवर उभी राहून तिसरा थर बघत होती. सकाळी तो सरळ होता. आता मधला दगड बोटभर पुढं आला होता. तिला त्याचा जीव नको होता, असं ती स्वतःला सांगत आली होती. बांध बसायच्या आधी कपची गळते, धडधाकट माणसाला तेवढ्यात उडी मारता येते. पाठ दुखणाऱ्याला येते की नाही, याचा विचार तिनं मुद्दाम केला नव्हता. एखादं हाड गेलं असतं तर तिनं डोळ्यांतून पाणी काढलं नसतं.

एक कपची गळाली आणि त्याच्या खांद्यावर पडली. त्यानं ती झटकली. दुसरी पडली ती डब्यात. वहीवाल्यानं मान वळवून वर बघितलं, आणि आठ महिन्यांत जी पाठ एकदाही वाकली नव्हती ती सुटलेल्या धनुकलीसारखी ताठ झाली. तो पळाला. डबा, चष्मा, वही तिथंच राहिली. मागं बांध आधी फुगला, मग निमूटपणे खाली बसला. वही दगडाखाली गेली.

रेघेच्या पलीकडं चिखलाचं पाणी वाहत होतं आणि सर धापा टाकत उभे होते. सूनबाईच्या अंगात गोड काहीतरी पसरत गेलं. ती शेजारच्या जुन्या बांधाशी गेली, पहार लावली आणि एक बारकासा दिसणारा दगड ओढू लागली. तो येतच राहिला. हातभर बाहेर आला तरी संपेना.

"बघा," ती म्हणाली. "टोक बाहेर, अंग आत. हे पुस्तकात नाही. हे दगड रचत होतो तेव्हा सर आमच्या माडीवर पाठ शेकत होते. हे माझ्या सासऱ्यांनी मला शिकवलं. त्यांचा फोटो आहे तुमच्या पुस्तकात. पान त्रेचाळीस. स्थानिक मजूर."

तीस माणसं तिच्याकडं बघत होती आणि वहीवाला जमिनीकडं. झालं. उट्टं निघालं. एवढ्यात ती तरुण शिक्षिका पुढं आली.

"मावशी, आमच्या शाळेत बांध घातलाय. याच पुस्तकावरून. मैदानाच्या कडेला, दोन वर्षं झाली. दोन्ही वर्षं पाऊस बेताचाच होता."

"पाडून टाकावा लागेल."

"तसं नाही." तिनं पडलेल्या बांधाकडं बघितलं. "सातवं प्रकरण मला फार आवडलं होतं. सगळ्यांचा बांध म्हणून मी सगळ्यांनाच… मुलं रोज त्याला पाठ लावून डबा खातात. चाळीस मुलं. आमच्याकडं चार दिवस पाऊस लागलाय."

सूनबाईनं उन्हाकडं बघितलं. जेवणाचीच वेळ होती.

फोनला रेंज वरच्या तळ्यापाशीच यायची. दोघी पळत सुटल्या. बावन्न वर्षांची बाई पुढं आणि पंचविशीची मागं. पहिल्यांदा घंटी वाजून थांबली. दुसऱ्यांदाही. सूनबाईच्या डोळ्यांसमोर तिसरा थर होता, बोटभर पुढं आलेला, आणि त्याच्याखाली एकाशेजारी एक टेकलेल्या लहान लहान पाठी. तिसऱ्यांदा शाळेच्या शिपायानं फोन उचलला.

"मुलं कुठायत, काका?"

"कुठं म्हणजे? पाऊस थांबलाय. बांधाला टेकून जेवतायत की."

"उठवा. सगळ्यांना. डबे राहू देत, मुलं उठवा. आधी उठवा, मग मला विचारा."

फोन बंद झाला नाही. शिपायाचं धावणं ऐकू आलं, शिट्टी ऐकू आली, मुलांचा कालवा ऐकू आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग शिपाई म्हणाला, "आलो आत सगळे. मोजली. चाळीस. बाई, मधे जरा फुगल्यासारखा दिसतोय खरा."

शिक्षिकेनं फोन बंद केला आणि ती काठावर बसली. सूनबाईही बसली. तळ्याचं पाणी पाटातून खाली जात होतं, ते कुणी बंद केलं नव्हतं.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं, मावशी?"

"पुस्तक आलं तेव्हापासून. सहा वर्षं."

शिक्षिका रागावली नाही. रागावली असती तर सूनबाईकडं उत्तर होतं, त्रेचाळिसावं पान होतं, मामंजींचा चष्मा होता. ती एवढंच म्हणाली, "मी काल विचारलं होतं."

सूनबाईनं चिंध्या बांधलेल्या त्या बोटांकडं बघितलं. मग उठून तिनं पाटाचं तोंड बंद केलं.

खाली येऊन तिनं तिसांनाही विचारलं, कुणाकुणाकडं या पुस्तकावरचे बांध आहेत. अकरा निघाले. सगळीकडं फोन गेले, कुणी जवळ जाऊ नये म्हणून बांधांपुढं दोऱ्या बांधल्या गेल्या. शाळेचा बांध आपणच जाऊन उतरवायचा, हे सूनबाईनं ठरवलं; त्या वाटेवर आणखी चार होते. कुणीतरी बसचं नाव काढलं.

"बस नाही," सूनबाई म्हणाली. "मधले चार नुसते खिडकीतून दिसतील. चालत जायचं आणि प्रत्येकापाशी थांबायचं. सर येणार."

"माझी पाठ, वहिनी…"

"मघाशी बघितली मी तुमची पाठ. उत्तम आहे."

तो आला. लोकलाजेनं आला असेल, भीतीनं आला असेल, तिला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. थांबत थांबत बारा दिवस ती तिघं चालली. पुढं ती, मधे शिक्षिका, मागं वहीवाला, हातात वही नसल्यामुळं हात कुठं ठेवावेत ते न कळणारा. चार बांध उतरवले, तिथल्या माणसांना जमवून परत घालून दाखवले. वहीवाल्यानं दगड वाहिले. पहिल्या दिवशी त्याला फोड आले, दुसऱ्या दिवशी फुटले. एकदा त्यानं "वहिनी, बाबांबद्दल मला…" असं सुरू केलं. "दगड आणा," ती म्हणाली. माफ करायचं तिच्या मनात नव्हतं आणि तसा आव तिनं आणला नाही. फक्त रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तिला पंधरा फुटी बांध दिसे आणि त्याखाली आता वहीवाला नसे, लहान लहान पाठी असत. त्यामुळं झोप पुन्हा गेली होती.

शाळेचा बांध सगळ्यांत मोठा होता. सहा दिवस लागले. मुलं रेघेमागं उभी राहून बघायची. लांब दगड आला की ती ओरडायची, "टोक बाहेर!" आणि सूनबाई म्हणायची, "अंग?" "आत!"

पहिला दगड तिनं ठेवला. शेवटचा वहीवाल्याला ठेवायला लावला, म्हणजे नियमाप्रमाणे त्यालाही बसावं लागणार होतं. मागं दिवसभर पाणी सोडलं. जेवायच्या वेळी दोघं बांधाला पाठ लावून बसले, मधे हातभर जागा ठेवून. सूनबाईच्या मनात आलं, पडायचाच असेल तर त्याच्या बाजूनं पडू दे. बांध दोन्ही बाजूंनी सारखाच उभा राहिला. तिला त्याचं किंचित वाईट वाटलं आणि मग भूक लागली.

शिक्षिकेनं समोरून फोटो काढला. "सगळ्या शाळांना पाठवायचाय. खाली काय लिहू?"

"लिहा, सासऱ्यांनी शिकवलेला बांध, सुनेनं घातला. सोबत एक मजूर."

वहीवाल्याचा घास हातात थांबला. मग त्यानं तो तोंडात घातला. फोडांनी सुजलेल्या बोटांनी त्याला घास नीट धरता येत नव्हता.

शिक्षिका लिहीत होती. चाळीस मुलं तिच्याभोवती वाकून बघत होती. सहा वर्षं मनात घोळवलेला हा घास, आणि सूनबाईला तो आता गिळवेना. मागचा दगड तिला पाठीला लागत होता.

"अजून एक ओळ लिहा," ती म्हणाली. "आधीचा बांध चुकलेला होता, हे सुनेला सहा वर्षं माहीत होतं. तिला विचारलं तरी तिनं सांगितलं नाही."

शिक्षिकेनं वर बघितलं. "हे कशाला, मावशी?"

"लिहा. माझ्या सासऱ्यांच्या बांधाखाली खोटं नको."

तिनं लिहिलं. मुलांनी मोठ्यानं वाचलं, दोनदा, कारण मागच्यांना ऐकू गेलं नव्हतं. सूनबाईनं पाठ टेकली आणि डबा संपवला.